डंडीचा ब्रायन कॉक्स, आणि कॅरेक्टर अ‍ॅक्टर म्हणजे नेमकं काय

सक्सेशन ही अमेरिकन टीव्ही मालिका बघून झाली की बरेच जण एकच गोष्ट शोधायला लागतात, की तो लोगन रॉय झालेला म्हातारा आधी कशात होता. मग त्याच्या सिनेमांची यादी उघडते आणि आपण कपाळाला हात लावतो, कारण त्यातले अर्धे सिनेमे आपण बघितलेले असतात. एक्स-मेनच्या दुसऱ्या भागातला तो थंड डोक्याचा लष्करी अधिकारी स्ट्रायकर हाच, मॅट डेमनच्या बोर्नच्या मागे लागलेला सीआयएचा साहेब वॉर्ड अ‍ॅबट हाच, ट्रॉयमधला हावरट राजा अ‍ॅगामेम्नॉन पण हाच आणि ब्रेव्हहार्टमध्ये लहानग्या विल्यम वॉलेसला सोबत घेऊन जाणारा तो एका डोळ्याचा काका, तो सुद्धा हाच. चेहरा बघितलेला, आवाज ऐकलेला, फक्त नाव कधी विचारलेलं नसतं.

नाव ब्रायन कॉक्स. (टीव्हीवर विश्व आणि तारे समजावून सांगणारा एक ब्रायन कॉक्स आहे, तो वेगळा, तो इंग्लंडचा शास्त्रज्ञ. हा स्कॉटलंडचा नट, जन्म 1 जून 1946, गाव डंडी.)

मला या माणसाबद्दल लिहायचंय कारण त्याच्या करिअरवरून कॅरेक्टर अ‍ॅक्टर हा प्रकार जितका नीट समजतो तितका कुठल्याच व्याख्येवरून समजत नाही. आपण मराठीत चरित्र अभिनेता म्हणतो आणि डोक्यात येतो हिरोचा बाप, वकील, इन्स्पेक्टर, गावचा पाटील, म्हणजे जे हिरो नाहीत ते सगळे. ते चूक नाही पण अर्धंच आहे. मी असं समजावेन की स्टार असतो तेव्हा रोल त्याच्या मापाने शिवतात, त्याचं हसणं, त्याची चाल, लोकांना त्याच्यातलं जे आवडतं ते सगळं धरून. कॅरेक्टर अ‍ॅक्टरच्या हातात तयार शिवलेला कपडा येतो, तो कुणाच्याही मापाचा असू शकतो, आणि तो अंगावर चढवून आपण जन्मभर हेच घालत आलोय असं वाटायला लावणं हे त्याचं काम. ते सुद्धा पाच-सात सीनमध्ये, कधीकधी फक्त दोनच. स्टारला तुमची ओळख करून द्यायला अख्खा सिनेमा असतो. याला दारातून आत आल्या आल्या वीस सेकंदांत सांगावं लागतं की मी कोण, कुठला, माझ्याकडे पैसे आहेत का, मला कुणाची भीती वाटते आणि या खोलीतले लोक मला का घाबरतात.

हे कुठून येतं? त्यासाठी डंडीला जावं लागतं.

डंडी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टे नदीच्या मुखाशी आहे. तिथे तीन गोष्टी प्रसिद्ध असं तिथले लोक सांगतात, ताग, जॅम आणि वर्तमानपत्रं. यातला ताग आपल्या ओळखीचा, कारण तो बंगालमधून जायचा. आपल्या धान्याच्या गोणी ज्याच्या बनतात तोच ताग, जहाजं भरभरून डंडीला जायचा आणि तिथल्या गिरण्यांत त्याचं सूत आणि कापड व्हायचं. तागाचा धागा कडक असतो, तो मऊ करायला व्हेल माशाचं तेल लागायचं आणि डंडी हे व्हेलच्या शिकारीचं बंदर असल्याने ते तिथे सहज मिळायचं, म्हणून हा धंदा तिथे फोफावला. पुढे कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी गिरण्या निघाल्या, त्या चालवायला डंडीचेच लोक गेले आणि त्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकलं. डंडीच्या गिरण्यांत कामाला जास्त करून बायका, कारण त्यांना पगार कमी द्यावा लागायचा, त्यामुळे कित्येक घरांत बाई गिरणीत आणि नवरा बेकार घरी बसलेला. त्या घरी बसलेल्या पुरुषांना तिथे चहाची किटली उकळणारे अशा अर्थाचं नाव होतं. गिरणीतला आवाज इतका, की बायका एकमेकींशी ओठांच्या हालचालींवरून आणि हातवारे करून बोलायच्या.

ब्रायनची आई अशाच गिरणीत सूत काढायचं काम केलेली बाई. वडील आधी पोलिसात होते, मग त्यांनी छोटं किराणा दुकान टाकलं. भला माणूस, गिऱ्हाइकांना उधारी द्यायचे आणि ती उधारी काही परत यायची नाही. ब्रायन आठ वर्षांचा असताना वडील कॅन्सरने गेले, स्वादुपिंडाचा कॅन्सर, निदान झाल्यावर फार दिवस मिळालेच नाहीत. घरात पैसा जवळजवळ शिल्लक नव्हता. आईला त्या धक्क्यातून नीट सावरताच आलं नाही, तिची मानसिक अवस्था बिघडली, पुन्हा पुन्हा हॉस्पिटल, शॉक ट्रीटमेंट, आणि पाच भावंडांतलं हे शेंडेफळ मोठ्या बहिणींनी वाढवलं. कॉक्सने आठवणींत सांगितलंय की संध्याकाळी तो फिश अँड चिप्सच्या दुकानात जायचा आणि कढईत तळाशी राहिलेला पिठाचा चुरा मागून आणायचा, तेच जेवण.

हे मी दया वाटावी म्हणून सांगत नाहीये. पुढे जे आहे ते यातून समजतं म्हणून सांगतोय. याच घरात वडील असताना नववर्षाच्या रात्री, म्हणजे स्कॉटलंडमध्ये ज्याला हॉगमनी म्हणतात त्या रात्री, पाहुणे जमायचे आणि मध्यरात्र उलटल्यावर तीनेक वर्षांच्या ब्रायनला झोपेतून उठवून आणायचे, तो अमेरिकन गायक अ‍ॅल जोल्सनची नक्कल करायचा आणि सगळी खोली बदलून जायची. तो म्हणतो की लोकांचे चेहरे उजळलेले त्याने तेव्हा बघितले आणि तेव्हाच त्याला कळलं की आपल्याला हे करायचंय. घरावर आभाळ कोसळल्यावर हे पोरगं सिनेमाच्या थेटरांत जाऊन बसायला लागलं. त्या काळी डंडीत थेटरं भरपूर होती आणि तो सगळीकडे जायचा. पडद्यावरचे लोक मात्र एकतर अमेरिकन नाहीतर एकदम साहेबी इंग्रजी बोलणारे. मग 1960 साली अल्बर्ट फिनी नावाच्या नटाने कारखान्यातल्या कामगाराचा रोल केला, कामगारासारखंच बोलून, आणि कॉक्सला पहिल्यांदा वाटलं की अरे, हा तर आपल्यातला आहे, म्हणजे आपल्यासारख्या माणसाची गोष्ट सुद्धा सांगण्यासारखी असते.

शाळेत काही मन रमलं नाही. चौदा-पंधरा वर्षांचा असताना तो डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये कामाला लागला. काम म्हणजे पडेल ते, निरोप पोचवा, स्टेज पुसा, बँकेत पैसे भरून या. पहिल्याच दिवशी आत शिरला तर जिन्यावर मारामारी चालू, त्यात एक निकोल विल्यमसन, जो पुढे ब्रिटिश रंगभूमीवरचा फार मोठा नट झाला. कॉक्सला ते बघून भीती वाटायच्या ऐवजी आपण बरोबर जागी आलोय असं वाटलं, आणि त्याचं म्हणणं आहे की तिथे त्याला घर मिळालं.

आता हे रेपर्टरी प्रकरण समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी किल्ली इथे आहे. रेपर्टरी, किंवा नुसतं रेप, म्हणजे गावाचं स्वतःचं थिएटर आणि त्यात पगारावर ठेवलेले नट. दर दोन-तीन आठवड्यांनी नवीन नाटक. रात्री या नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ ज्यांना माहीत आहे त्यांना थोडा अंदाज येईल, पण रेपचा वेग त्याच्यापेक्षा फारच जास्त. याचा परिणाम काय होतो बघा, बावीस वर्षांचा पोरगा या महिन्यात सत्तर वर्षांचा म्हातारा करतो, पुढच्या महिन्यात पोस्टमन, मग खुनी, मग विनोदी नोकर, आणि मला हा रोल सूट होत नाही असं म्हणायची सोयच नसते कारण कंपनीत माणसंच पंधरा. दाढी चिकटवणं, आवाज खाली उतरवणं, पाठीला बाक आणणं, दुसऱ्या प्रांताची बोली उचलणं हे सगळं हाताला सवयीचं होतं. अशी चार-पाच वर्षं काढलेला माणूस पुढे हॉलिवूडच्या सेटवर तीन दिवसांसाठी गेला तरी गोंधळत नाही, कारण कमी वेळात पूर्ण माणूस उभा करायचा हे त्याने पोटापाण्यासाठी केलेलं असतं.

1963 साली डंडी रेपची इमारत आगीत जळाली. त्याच वर्षी कॉक्स सतरा वर्षांचा, लंडनला लॅमडा या नाट्यशाळेत गेला. आणि इथे एक गोष्ट आहे जी तो स्वतः अजून दर दुसऱ्या मुलाखतीत सांगतो, की माझी फी सरकारी पैशातून भरली गेली, राहण्या-खाण्याचा खर्च सुद्धा मिळाला. साठच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये गरीब घरातल्या मुलांना असं अनुदान मिळायचं आणि त्या एका दशकात कामगार वस्त्यांमधून नटांची अख्खी पिढी बाहेर आली. ती सोय नंतर गेली. आज ब्रिटनमध्ये नाट्यशाळांची फी इतकी आहे की श्रीमंत शाळांमधून आलेली मुलंच जास्त दिसतात, आणि कॉक्सचं म्हणणं आहे की आज मी डंडीत तसाच जन्मलो असतो तर नट झालोच नसतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण टॅलेंट टॅलेंट म्हणतो तेव्हा त्याच्या मागे कुणीतरी भरलेलं बिल असतं हे विसरतो.

लॅमडा झाल्यावर 1965 साली एडिनबरोला रॉयल लायसियमची नवी कंपनी सुरू होत होती, त्यात तो पहिल्या फळीत होता. मग बर्मिंगहॅमचं रेप, मग 1967 ला लंडनच्या वेस्ट एंडमध्ये शेक्सपिअर, मग रॉयल कोर्ट थिएटर, टीव्हीवरची नाटकं. 1971 साली पहिला मोठा सिनेमा, रशियाच्या शेवटच्या झारवरचा, त्यात हा रशियन क्रांतीतला नेता ट्रॉट्स्की. पुढची पंधरा वर्षं मुख्यतः स्टेज आणि टीव्ही. बाहेरच्या जगात नाव शून्य, पण नाटकवाल्यांना पक्कं माहीत की हा माणूस काय चीज आहे. 1984 साली रॅट इन द स्कल या नाटकासाठी त्याला ऑलिव्हिए अवॉर्ड मिळालं, ते लंडन रंगभूमीचं सगळ्यात मोठं बक्षीस.

ते नाटक न्यूयॉर्कला गेलं आणि तिथून त्याला एक सिनेमा मिळाला ज्याबद्दल लोकांना अजून नीट माहीत नसतं. 1986 साली मायकल मानने मॅनहंटर बनवला. त्यात एक हुशार, सुसंस्कृत, नरभक्षक डॉक्टर तुरुंगात आहे. होय, हॅनिबल लेक्टर. सिनेमाच्या पडद्यावरचा पहिला हॅनिबल अँथनी हॉपकिन्स नव्हता, ब्रायन कॉक्स होता. त्याचे सीन मोजके, सगळे मिळून दहा मिनिटं सुद्धा भरणार नाहीत, पण कुणाला कॅरेक्टर अ‍ॅक्टिंग शिकायची असेल तर ती दहा मिनिटं पुन्हा पुन्हा बघावीत. पांढरीफटक कोठडी, पांढरे कपडे, आणि हा माणूस एकदम नॉर्मल. जरा कंटाळलेला, जरा वैतागलेला, एखाद्या प्राध्यापकाला विद्यार्थ्याने उगाच त्रास द्यावा तसा. डोळे वटारणं नाही, कुजबुज नाही. तुरुंगातल्या फोनवरून तो गोड बोलून समोरच्याकडून पत्ता काढून घेतो तो सीन तर असा आहे की त्यात भीती वाटेल असं एकही वाक्य नाही आणि तरी अंगावर काटा येतो. हे त्याने कुठून आणलं तर पीटर मॅन्युएल नावाचा खरा खुनी होता, 1950 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये त्याने माणसं मारली आणि 1958 साली ग्लासगोच्या बारलिनी तुरुंगात त्याला फाशी झाली. कॉक्स तेव्हा बारा वर्षांचा, सगळ्या स्कॉटलंडमध्ये तोच विषय. अशा माणसाला चांगलं-वाईट यातला फरकच जाणवत नाही हा धागा त्याने तिथून पकडला आणि मग आरडाओरडा करायची गरजच उरली नाही.

सिनेमा चालला नाही. पाच वर्षांनी, 1991 ला, सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स आला, हॉपकिन्सने तोच रोल केला, ऑस्कर मिळालं आणि हॅनिबल म्हणजे हॉपकिन्स हे समीकरण पक्कं झालं. लोक अजून कॉक्सला विचारतात की वाईट नाही वाटत का? मला स्वतःला दोन्ही आवडतात आणि मला वाटतं त्यांची तुलना केली तरच या लेखाचा विषय कळतो. हॉपकिन्स पडद्यावर येतो तेव्हा सिनेमा त्याचा होतो, तुम्ही खलनायकाचा आनंद घेता. कॉक्स सिनेमा स्वतःकडे ओढून घेत नाही, तो डिटेक्टिव्हच्या डोक्यात घाण सोडून निघून जातो आणि पुढचा सगळा सिनेमा तुम्ही डिटेक्टिव्हच्या चेहऱ्यावर ती घाण बघत राहता. दुसऱ्याच्या गोष्टीला वजन देणं, हेच ते काम.

गंमत बघा, या दोघांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये किंग लिअर पण केला. हॉपकिन्सने 1986 ला, कॉक्सने 1990 ला. आपल्या मराठी वाचकाला लिअर समजावायची फार गरज नाही, राज्य पोरींना वाटून टाकून रस्त्यावर आलेला म्हातारा राजा, ज्याचा धागा धरून शिरवाडकरांनी 1970 साली नटसम्राट लिहिलं आणि आपल्याला गणपतराव बेलवलकर मिळाले. डॉ. लागूंनी तो रोल करताना शरीराची किती किंमत मोजली याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत, लिअर तसाच आहे, नटाला पिळून काढतो. कॉक्सचा लिअर व्हीलचेअरमधून आला, लाल विदूषकी नाक लावून, म्हणजे वाढदिवसाच्या पार्टीसारखं वातावरण, आणि त्या खेळाखेळात म्हातारा राज्य वाटून टाकतो. दिग्दर्शिका डेबोरा वॉर्नर. तिच्याच सोबत त्याने 1987 साली स्ट्रॅटफर्डला टायटस अँड्रॉनिकस केलं होतं, शेक्सपिअरचं सगळ्यात रक्तबंबाळ नाटक, एरवी कुणी फार हात लावत नाही असं, त्यात बाप शत्रूच्या मुलांना मारून त्यांचंच मांस पाईमध्ये घालून त्यांच्या आईला वाढतो. त्यात लोक हसायचे आणि पुढच्या क्षणी गोठायचे. त्यासाठी दुसरं ऑलिव्हिए मिळालं.

लिअर घेऊन ती कंपनी जगभर फिरली, सोबत रिचर्ड तिसरा हे नाटक, आणि सगळे नट दोन्हीत. म्हणजे आज कॉक्स राजा आणि इयन मॅकेलन त्याचा स्वामिनिष्ठ सरदार, उद्या मॅकेलन राजा आणि कॉक्स त्याचा कारस्थानी साथीदार बकिंगहॅम. पुन्हा तीच रेपची शिस्त. पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे हा लिअर ब्रॉडमूरला सुद्धा झाला. ब्रॉडमूर हे इंग्लंडमधलं कडेकोट बंदोबस्तातलं मनोरुग्णालय, तिथे गंभीर गुन्हे केलेले पेशंट असतात. ज्याच्या आईने शॉक ट्रीटमेंट सोसली, ज्याने पडद्यावर कोठडीतला वेडा खुनी केला, तो माणूस खऱ्या पेशंटांच्या पुढे बसून वेड लागलेल्या बापाचा रोल करतोय आणि समोर बसलेल्यांपैकी कुणाकुणाच्या हातून खरोखरच घरातलं माणूस गेलेलं आहे. अशा ठिकाणी खोटा अभिनय एक मिनिट टिकणार नाही.

याच सुमारास, 1980 च्या दशकाच्या शेवटी, तो मॉस्को आर्ट थिएटरच्या शाळेत शिकवायला पण गेला आणि रशियन विद्यार्थ्यांना घेऊन आर्थर मिलरचं नाटक बसवलं. सोव्हिएत युनियन मोडायच्या बेताला आलेलं, आणि हा तिथे. त्याच्यावर त्याने पुस्तकही लिहिलंय.

मग 1995. एकाच वर्षी ब्रेव्हहार्ट आणि रॉब रॉय, दोन्ही स्कॉटलंडच्या इतिहासातले, दोन्हीत हा, एकात प्रेमळ काका आणि दुसऱ्यात तिरस्कार यावा असा कारस्थानी कारभारी. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने ठरवलं की आता अमेरिकेत जायचं आणि तिथे कॅरेक्टर अ‍ॅक्टर व्हायचं. हे वाक्य नीट वाचा. लंडनमध्ये लिअर केलेला, दोन ऑलिव्हिए घेतलेला माणूस ठरवून दुय्यम रोल करायला निघाला. तिथले त्याचे सहकारी म्हणाले असतील काय हे, पण त्याला लहानपणापासून सिनेमा आवडायचा आणि त्याला हे कळलेलं होतं की हॉलिवूडमध्ये पन्नाशीनंतर हिरोला उतरती कळा लागते आणि कॅरेक्टर अ‍ॅक्टरचं दुकान तेव्हा उघडतं. सुरकुत्या, पोट, जाड आवाज, हे सगळं तिथे भांडवल आहे.

2002 हे एकच वर्ष घ्या. बोर्न आयडेंटिटीमध्ये तो वॉशिंग्टनचा गुप्तहेर अधिकारी. द रूकीमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलाचा कडक लष्करी बाप. द रिंगमध्ये घोडे पाळणारा, काहीतरी भयंकर लपवणारा म्हातारा. अडॅप्टेशनमध्ये पटकथा शिकवणारा गुरू, खऱ्या माणसावर बेतलेला, जो भर वर्गात निकोलस केजला असं फाडून खातो की हसू पण येतं आणि घाबरायला पण होतं. आणि स्पाइक लीच्या 25 थ अवरमध्ये न्यूयॉर्कमधला एक बार चालवणारा, खचलेला बाप. पाच सिनेमे, पाच वेगळी माणसं, आणि पाचही वेळा तो अमेरिकन. यातलं शेवटचं काम मला वाटतं त्याच्या सिनेमातल्या सगळ्या कामांत वरचं आहे. मुलगा सात वर्षांसाठी तुरुंगात चाललाय, बाप त्याला गाडीतून सोडायला निघालाय आणि वाटेत म्हणतो की तू फक्त सांग, मी गाडी वळवतो, आपण पश्चिमेला जाऊ. मग तो बोलत राहतो, मुलगा कुठल्या गावात लपेल, काय काम करेल, लग्न, पोरं, नातवंडं, आणि पडद्यावर ते सगळं दिसत राहतं. आवाजात कुठेही रडणं नाही. नकाशा वाचून दाखवावा तसं बोलतो, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही.

मधल्या काळात टीव्हीवर न्युरेंबर्ग खटल्यावरच्या मालिकेत हर्मन गोअरिंग केला, 2001 ला त्यासाठी एमी मिळालं. नाझी म्हणून तो एकदम लाघवी दाखवलाय, पहारेकऱ्याशी मैत्री करणारा, आणि तेच भयानक. सगळंच काही उत्तम आहे असं नाही हां, यादीत सामान्य सिनेमे ढिगाने आहेत, त्याने स्वतः कबूल केलंय की पैशांसाठी कामं घेतली आणि पैसे कमी होते म्हणून काही सोडली सुद्धा, गेम ऑफ थ्रोन्समधला राजा रॉबर्ट त्याला विचारला होता तो असाच नाकारला. कॅरेक्टर अ‍ॅक्टर हा रोजगार आहे, वर्षाला पाच-सहा कामं केली तर घर चालतं, त्यामुळे सगळे निवडून निवडून कसे करणार.

आणि मग 3 जून 2018, सक्सेशनचा पहिला भाग. दोनच दिवसांपूर्वी त्याला बहात्तर वर्षं पूर्ण झालेली. मीडिया साम्राज्याचा मालक लोगन रॉय, त्याची चार मुलं आणि गादी कुणाला हा एकच प्रश्न. लिअर ओळखू आला ना? फरक एवढाच की हा म्हातारा राज्य सोडतच नाही. कॉक्सने इतक्या वर्षांत जमवलेलं सगळं या एका माणसात आलं. बघा तुम्ही, बाकी सगळे भराभर बोलतात, अर्धी वाक्यं टाकतात, हातवारे करतात, आणि हा बसलेला असतो. मान सुद्धा हळू वळते. खोलीत सगळ्यात कमी हालचाल करणारा माणूस सगळ्यात ताकदवान वाटतो हे त्याला स्टेजवरच कळलेलं होतं. त्याची ती प्रसिद्ध शिवी, चालता हो अशा अर्थाची, ती तो इतक्या तऱ्हांनी म्हणतो की कधी ती निरोप असते, कधी नकार, कधी चक्क लाड. लोक रस्त्यात थांबवून म्हणतात की आम्हाला ती शिवी द्या. पहिल्या सीझनमध्ये एकदा लोगन पोहायला उतरतो आणि पाठीवर जुने वळ दिसतात, कुणी काही स्पष्टीकरण देत नाही, एकच शॉट, आणि या क्रूर माणसाचं अख्खं बालपण कळून जातं.

त्या बालपणाची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. लिहिताना लोगन कॅनडातल्या क्यूबेकचा होता. कॉक्सने विचारलं होतं की हा स्कॉटिश का नाही, तर नको म्हणाले. आणि बरेच एपिसोड शूट झाल्यावर त्याला सहकलाकाराकडून कळलं की स्क्रिप्टमध्ये लोगनचं जन्मगाव बदललंय, आता ते डंडी आहे. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या सीझनमध्ये सगळं युनिट शूटिंगला खरंच डंडीला गेलं. लोगनचा काटकसरीपणा, कुणी मऊ झालं की त्याला येणारा राग, गरिबीबद्दल बोलायचं नाही ही जिद्द, हे कॉक्सला कुठे शोधायला जावं लागलं नसणार. तो मात्र सांगतो की मी लोगनसारखा नाही, मला माणसं आवडतात, आणि आमच्यात एकच साम्य, दोघांनाही माणसाच्या वागण्याने निराश केलंय.

या रोलसाठी 2020 ला गोल्डन ग्लोब मिळालं. 2023 च्या एप्रिलमध्ये चौथ्या सीझनच्या तिसऱ्याच भागात लोगन मेला, विमानात, आपल्याला न दिसता, मुलं फोनवर आणि बाप पलीकडे गप्प. कॉक्सला वाटलं की जरा लवकरच मारलं, आणि तो भाग मी बघितला नाही असंही त्याने सांगितलं. मला यात कौतुक लेखकांचं पण वाटतं, कारण नट न दिसता त्याचं मरण इतकं जड वाटलं ते आधीच्या तीस-एक भागांमध्ये त्याने खोली कशी भरून टाकली होती त्यामुळे.

त्यानंतर आराम केला असेल तर शप्पथ. 2023 ला नाटकात संगीतकार बाख, 2024 ला लंडनमध्ये युजीन ओ'नीलच्या नाटकातला कंजूष म्हातारा नट-बाप, त्या मध्ये मॅकडोनाल्डच्या जाहिरातींना आवाज, आणि एक सिनेमा स्वतः दिग्दर्शित केला, ग्लेनरोथन, स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या भट्टीवरचा, दोन भावांचा. 2010 ते 2016 डंडी विद्यापीठाचा रेक्टर होता, ते पद विद्यार्थी मत देऊन निवडतात. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं असं तो उघडपणे म्हणतो, एकेकाळी लेबर पार्टीचा प्रचारक असून.

आणि 2025 च्या जुलैमध्ये डंडी रेपमध्ये एक नवीन नाटक लागलं, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड कशी फुगली आणि 2008 मध्ये कशी कोसळली त्याच्यावर. जळालेली जुनी इमारत राहिली नाही, आताची टे स्क्वेअरमधली 1980 च्या दशकातली, पण कंपनी तीच. त्या नाटकात बँकेच्या साहेबाला भेटायला अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचं भूत येतं. मुख्य रोल त्या साहेबाचा, तो दुसऱ्या नटाने केला. भुताचा रोल छोटा, पाहुण्यासारखा, तो केला एकोणऐंशी वर्षांच्या ब्रायन कॉक्सने, ज्या कंपनीचं स्टेज त्याने चौदा-पंधराव्या वर्षी पुसलं होतं तिच्याच स्टेजवर.